पोट भरलेली माणसं

१

कापसाचा हंगाम लागला की मलकापुरात टेसनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उजाडायच्या आतच बैलगाड्यांची रांग लागायची. कापूस विकून झाला, गाडी सरकी काढायच्या कारखान्यात, जिनात, रिकामी झाली, की मग गाडीवानाला एकदम आठवायचं की आपण सकाळपासून उपाशी आहोत. ही आठवण झाली की पावलं आपोआप झुंबरबाईच्या खानावळीकडे वळायची.

खानावळ कसली, टिनाचं छप्पर, तीन बाजूंनी तट्ट्या, शेणाने सारवलेली जमीन आणि मांडायला पळसाच्या पत्रावळी. पण झुंबरबाईच्या हाताला चव होती आणि ती तिला स्वतःला पक्की ठाऊक होती. जानेफळच्या मळेवाल्यांची लेक. भाजी पाहिली की कोणत्या पाण्यावर वाढली ते सांगायची. नागपूरच्या हापिसातून तपासणीला आलेला कारकून नाकाला रुमाल लावून बसला, तरी उठताना पत्रावळ पुसून उठायचा. तिचा नवरा इंद्रभान कापसाच्या प्रेसमध्ये गठाणी उचलणाऱ्या हमालांचा मुकादम होता. दुपारचा भोंगा झाला की तो पहिल्या पंगतीला येऊन बसायचा आणि पहिल्या घासालाच काहीतरी खोट काढायचा. आज ठेचा मिळमिळीत, आज वरण पातळ. ती चुलीपाशी बसूनच त्याला उत्तर द्यायची आणि पंगत हसायची. मूलबाळ नव्हतं. पण घर भरल्यासारखं होतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर प्रेसच्या मागच्या भिंतीला लागून, जिथे आधी सरकी साठवत, त्या घराला चुना लागला आणि तिथे नवी खानावळ उघडली. मालक वामनराव नावाचा गृहस्थ होता. पांढरं स्वच्छ धोतर, हळू बोलणं, कोणाच्या अध्यात ना मध्यात. कोणी म्हणे बऱ्हाणपूरकडचा, कोणी म्हणे भुसावळकडचा. शेजारणींनी झुंबरबाईला येऊन घाबरवून पाहिलं, पण ती घाबरली नाही. गाव मोठं होतंय, माणसं वाढताहेत, दोन चुली पेटल्या तर काय बिघडलं, असं तिने त्यांना सांगितलं. वर आपल्याच गिऱ्हाइकांतल्या सर्वांत खवचट माणसाला, अडत्याच्या दुकानातल्या रंगराव दिवाणजींना, तिनेच तिकडे पाठवलं.

"जा, एक डाव जेवून या," ती म्हणाली. "अन् मले खरं खरं सांगा, कसं हाये ते."

२

रंगराव नागपूरला चार बुकं शिकून आलेले. बोलणं अगदी छापील. जेवताना भाकरीच्या कडेला डाग दिसला तरी त्यावर ते दहा वाक्यं बोलायचे. तिकडे जेवून ते संध्याकाळी इकडे डोकावले, तेव्हा झुंबरबाई हातातलं काम टाकून उभी राहिली. आता हा माणूस वामनरावाची सालटी काढणार, याची तिला खात्री होती.

रंगराव दारात उभे राहिले. चेहरा शांत होता. आंघोळ करून आलेल्या माणसासारखा.

"पोट भरलं. मन भरलं. आता काई नोको," ते म्हणाले.

झुंबरबाईला आधी हसू आलं. रंगरावांच्या तोंडात 'नोको' हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. ते 'नको' म्हणायचे, तेही ओठ नीट मिटून. तिने विचारलं, भाजी कसली होती. रंगराव विचारात पडले. तोंड उघडलं, मिटलं, मग म्हणाले, चांगली होती. वांग्याची का आंबाडीची? चांगली होती. भाकर ज्वारीची होती का कळण्याची? रंगराव हसले, टोपी सारखी केली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून ते तिच्याकडे जेवायला आले नाहीत.

तिने मनाशी म्हटलं, दिवाणजीला फुकट वाढलं असेल म्हणून गप्प बसला.

मग जानेफळचे उकंडराव कापूस घेऊन आले. ते तिच्या माहेरगावचे, नात्याने काही नसले तरी ती त्यांना दादा म्हणायची. मोठ्या आवाजाचा, मोठ्या पोटाचा शेतकरी. ताटात काय होतं हे दुसऱ्या गावाला गेल्यावरसुद्धा रंगवून सांगणारा. तेही तिकडे जेवून निरोप घ्यायला आले, आणि बैल जुंपता जुंपता म्हणाले की पोट भरलं. मन भरलं. आता काई नोको. भाजी कसली होती, असं विचारलं तर तेही 'चांगली होती' एवढंच म्हणाले.

त्यानंतर तिने मुद्दाम विचारायला सुरुवात केली. रस्त्यावरून जाणाऱ्या, नव्या खानावळीतून उठून आलेल्या कोणालाही. प्रेसचे हमाल, टेसनावरचा पाणी भरणारा, अहिराणी बोलणारा एक गाडीवान, ज्याचं एरवीचं बोलणं तिला निम्मं कळायचं नाही. सगळ्यांनी तेच तीन तुकडे सांगितले, त्याच क्रमाने, आणि दुसऱ्या तुकड्यानंतर सगळे सारखेच थांबले, जणू घास गिळत होते. गाडीवानानेसुद्धा 'नोको'च म्हटलं.

एवढी माणसं जेवली आणि एकालाही मीठ कमी लागलं नाही. हे मात्र झुंबरबाईला पटेना. इतक्या वर्षांत तिने कधी असं जेवण रांधलं नव्हतं की ज्याला कोणीच नाव ठेवलं नाही. तसं जेवण असतंच कुठे?

३

इंद्रभानाने तिकडे पाऊल टाकायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ते तो मोठ्याने बोलूनही दाखवायचा. पण एके दिवशी वामनराव स्वतः प्रेसच्या दारात येऊन हमालांना जेवणाचं आमंत्रण देऊन गेले. सगळी टोळी निघाली. मुकादम मागे राहिला तर बरं दिसलं नसतं. जाण्याआधी त्याने बायकोला निरोप धाडला की आज तुझ्या चुलीची लाज राखायला जातो, सगळी खोट काढून येतो.

तो दिवे लागायच्या वेळी घरी आला. झुंबरबाईने पायावर पाणी ओतलं आणि हसत विचारलं, मग, काय काय खोट काढली?

"पोट भरलं," इंद्रभान म्हणाला. "मन भरलं." तो थांबला. "आता काई नोको."

ती खळखळून हसली. रंगरावांची गोष्ट तिनेच त्याला सांगितली होती, तेव्हा हा आपली थट्टा करतोय, यात तिला शंका नव्हती. इंद्रभानाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती हसतेय हे त्याच्या ध्यानात आलं, आणि मग तोही हसला. जरा उशिरा.

त्या दिवसापासून तो घरी जेवला नाही. दुपारी तिकडे जायचा, रात्री ताट मांडलं की 'नोको' म्हणायचा. वाळला नाही, थकला नाही, कापसाच्या धुळीचा त्याचा जुना खोकलासुद्धा थांबला. कामावर उलट त्याची वाहवा होऊ लागली. घरात आवाज चढवणं बंद झालं. सांगितलं ते काम करायचा, विचारलं त्याला उत्तर द्यायचा, आणि बाकीचा वेळ ओट्यावर हात मांडीवर ठेवून शांत बसायचा. शेजारणी म्हणाल्या, झुंबर, तुझं नशीब उघडलं.

तिलाही कधी कधी वाटे, आपल्याला नेमकं बोचतंय तरी काय? नवरा गुणी झाला, ही तक्रार कोणाकडे न्यायची? आपल्या हातचं खात नाही म्हणून आपला मान दुखावला असेल, दुसरं काही नसेल. पण ती गोष्ट अर्धवट सोडणारी बाई नव्हती. तिने त्याला पारखून पाहायचं ठरवलं.

गोठ्यात एक गाय होती. इंद्रभानाच्या आईने मरताना त्याच्या हाती दोरी दिली होती, आणि ती गाय विकायची गोष्ट काढली तर तो दोन दिवस अबोला धरायचा. झुंबरबाई म्हणाली की गाय विकून टाकू. तो म्हणाला, बरं. ती म्हणाली, नको, ठेवू. तो म्हणाला, बरं.

मग ती अगदी हळू म्हणाली, "मी माहेरी निंगून जातो. वापस येत नाई."

इंद्रभानाने तिच्याकडे प्रेमाने पाहिलं.

"बरं," तो म्हणाला.

४

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक फारसं नव्हतंच. तिने चूल विझवली, डोक्यावर पदर घेतला आणि भर दुपारी प्रेसच्या मागच्या गल्लीत गेली. आत जायचं नाही, नुसतं पाहायचं, असं ठरवून.

घर नीटनेटकं होतं. अंगणात सडा, दाराला आंब्याची पानं. आत पंगत बसलेली दिसत होती. तिने सवयीने वर पाहिलं. एवढ्या माणसांचा स्वयंपाक चालला होता आणि कौलांतून धुराचा एक धागाही वर येत नव्हता. तिने स्वतःची समजूत घातली. रेल्वेच्या लोको शेडकडचा दगडी कोळसा आणत असतील, निखाऱ्यावर भाजत असतील. पैसेवाला माणूस आहे.

मग तिने वास घेऊन पाहिला. फोडणीचा नाही, भाकरीचा नाही, ओल्या लाकडाचा नाही. चुन्याचा वास येत होता आणि खाली जुन्या सरकीचा. वारा उलटा असेल, ती म्हणाली.

पण कानाला खोटं कसं पाडायचं? आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. थप थप थप थप. भिंतीपाशी उभी राहून ती तो आवाज ऐकत राहिली. भाकर थापली की बाई थांबते. भाकर उचलायची, तव्यावर टाकायची, पाण्याचा हात फिरवायचा, दुसरा गोळा घ्यायचा. थापण्याच्या आवाजात ही फट असतेच. झुंबरबाईच्या आयुष्यातला निम्मा वेळ त्या फटींत गेला होता. आणि इथे फट येत नव्हती. आवाज चाललाच होता, एका लयीत, न थांबता.

चार बाया थापत असतील, तिने मनाशी म्हटलं. एक थांबत असेल तेव्हा दुसरी थापत असेल. हेही पटण्यासारखं होतं. ती घरी परतली. पण पाण्याचा घोट घेताना तिच्या लक्षात आलं की चार बाया असत्या तर त्या एकमेकींशी बोलल्या असत्या.

५

मग तिने फार विचार केला नाही. एका दुपारी चांगलं लुगडं नेसून ती वामनरावाच्या खानावळीत गेली आणि म्हणाली की मला जेवायचं आहे.

बाईमाणसाने असं एकटीने येऊन पुरुषांच्या पंगतीत बसावं, ही त्या काळी गावभर होणारी गोष्ट होती. पण कोणी मान वर केली नाही. वामनरावांनी हात जोडले, तुमचं नाव ऐकून आहे म्हणाले, आणि सैपाकघराच्या दाराजवळ आडोशाला तिला पाट मांडून दिला. दाराला गोणपाटाचा जाड पडदा होता. थापण्याचा आवाज त्याच्या मागून येत होता, इतका जवळून की पाटाखालची जमीन थरथरल्यासारखी वाटत होती.

समोर हमालांची रांग. त्यात इंद्रभान. पलीकडे रंगराव. सगळे खाली मान घालून जेवत होते आणि सगळ्यांचे हात एकाच वेळी पत्रावळीवर उतरत होते, एकाच वेळी तोंडाशी जात होते. इंद्रभानाची नजर एकदा तिच्यावर आली. त्याने ओळखीचं हसू केलं, जसं रस्त्यात भेटलेल्या कोणालाही करावं, आणि पुन्हा घास घेतला.

तिच्यापुढे पत्रावळ आली. वरण होतं, हिरवी भाजी होती, भाकर होती. दिसायला सगळं जिथल्या तिथे. झुंबरबाईने भाकर हातात घेतली. ती गरम नव्हती आणि गारही नव्हती. तिने भाकर उलटी केली. हाताने थापलेल्या भाकरीवर बोटं उमटलेली असतात, कितीही सफाईचा हात असो. या भाकरीवर बोट नव्हतं. दोन्ही बाजू सारख्या, गुळगुळीत. नाकाशी धरली तर कसलाच वास नाही.

तिच्या पोटात मात्र एकाएकी भूक उठली. सकाळी जेवून निघाली होती ती, तरी अशी भूक की हात आपोआप तुकडा मोडू लागला. तुकडा ओठांपर्यंत आला. तेवढ्यात पडद्यामागे कोणीतरी खोकलं. खोकला दाबून धरायचा, मग दोनदा झटकन सोडायचा. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाचा खोकला.

तो खोकला झुंबरबाईने अंधारात, पावसात, गर्दीत कुठेही ओळखला असता. तिने मान वर करून समोर पाहिलं. इंद्रभान समोर बसला होता. तोंडात घास होता आणि तो शांतपणे चावत होता.

तिने तुकडा खाली ठेवला.

६

हात धुवायचा बहाणा करून ती उठली. वामनराव पुढच्या दारापाशी कोणाला तरी निरोप देत होते. तिने पडद्याची कड धरली आणि एका माणसापुरती बाजूला केली.

आत चूल नव्हती. तवा नव्हता, परात नव्हती, पीठ नव्हतं. कौलात काचेचा एक तुकडा बसवला होता, त्यातून पडलेल्या उजेडात माणसं दिसली. भिंतीकडे तोंड करून, भिंतीला गुडघे टेकतील इतकी जवळ, रांगेने बसलेली. उघड्या पाठी. प्रत्येकाचे हात पुढे होते आणि तळव्यावर तळवा पडत होता. थप थप थप थप. तळव्यांच्या मध्ये काहीच नव्हतं.

कोणाचंच तोंड दिसत नव्हतं. एकाच्या डोक्यावर काळी टोपी होती, ती थोडी तिरकी झाली होती. एक पाठ रुंद होती, एके काळी भरलेली असावी अशी, आणि आता तिच्यावरची कातडी सैल लोंबत होती. रांग आत अंधारात कुठवर गेली होती ते तिला दिसलं नाही आणि तिने पाहिलंही नाही, कारण पडद्याला सर्वांत जवळच्या पाठीवर डाव्या खांद्याखाली एक आडवी, पांढरट खूण होती. गठाणीची लोखंडी पट्टी तुटून लागलेली. त्या जखमेला तिने महिनाभर हळद भरली होती.

मागून, पंगतीतून, तिच्या नवऱ्याचा आवाज आला. तो कोणाला तरी सांगत होता की पोट भरलं.

एक माणूस दोन ठिकाणी नसतो, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. म्हणजे यातला एक तिचा नव्हता. डोकं भिरभिरलं असतं दुसऱ्या कोणाचं. झुंबरबाईने एकच विचार केला: खोकला कोणाला येतो? मग तिने पुढे होऊन त्या उघड्या पाठीच्या माणसाचा उजवा हात मनगटापाशी धरला.

हात थांबला. तळवा तव्यासारखा तापलेला होता आणि सोलून निघाला होता. रांगेतल्या बाकीच्या हातांची लय क्षणभरही चुकली नाही.

"चला," ती म्हणाली. "घरी चला."

तो उठला. जड ओझं उचलावं तसं तिला त्याला उठवावं लागलं. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. कोपऱ्यात मागचं दार होतं, त्याची कडी तिने काढली. बाहेर परसात वामनराव हातावर पाणी घेत उभे होते. आत्ता तर ते पुढच्या दाराशी होते.

"बाई, तुमचा माणूस बाहेर जेवून राह्यला," ते नम्रपणे म्हणाले.

"माहा माणूस मले ओयखू येते," झुंबरबाई म्हणाली.

वामनरावांनी तिच्या हातातल्या मनगटाकडे पाहिलं. मग वाटेतून बाजूला सरकले.

"न्या," ते म्हणाले. "पण थो उपाशी हाये, बाई. लय उपाशी हाये."

७

सरकीच्या ढिगांमागून, प्रेसच्या भिंतीच्या सावलीने ती त्याला घरी घेऊन आली. आपलं धोतर सावरत तो मागोमाग चालत होता. वाटेत कोणी भेटलं नाही, किंवा भेटलं असेल तर तिला दिसलं नाही. घरात आल्यावर तिने त्याला पाटावर बसवलं, अंगावर घोंगडी टाकली आणि चूल पेटवली.

तो खायला लागला. सकाळच्या भाकरी संपल्या, वरण संपलं, चटणीचा वाडगा त्याने बोटांनी पुसून घेतला. तिने पीठ मळलं आणि तव्यावरून उतरलेली प्रत्येक भाकर सरळ त्याच्या ताटात टाकली. वाफ येत असतानाच तो ती उचलायचा. सोललेल्या हातांना चटका बसत होता, पण त्याला थांबवत नव्हता. एका भाकरीनंतर दुसरी, तिच्यानंतर पुढची. दुसऱ्या एखाद्या बाईने या खाण्याकडे पाहून धसका घेतला असता. झुंबरबाईला मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदा हायसं वाटलं. भुकेल्या माणसाचं काय करायचं, हे तिला माहीत होतं.

दिवे लागायच्या वेळी ओट्यावर पावलं वाजली. दार ढकललं गेलं, पण कडी आतून होती.

"झुंबर," बाहेरून इंद्रभानाचा आवाज आला. "दार काऊन लावलं व? मी आलो."

पाटावरच्या माणसाचा हात घास घेऊन मधेच थांबला. त्याने दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्या वेळी चुलीच्या उजेडात तिने त्याचं तोंड पहिल्यांदा पुरतं पाहिलं. डोळे खोल गेले होते, दाढी वाढली होती. त्या डोळ्यांत इतकी भीती होती की तिच्या मनात शंकेचा उरलासुरला जो एक कण होता तोही विरून गेला.

"कोन हाये?" त्याने विचारलं. आवाज बसलेला होता.

"कोनी नाई," ती म्हणाली. "जेवा तुमी."

तिने कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि दाराला आडवं लावलं. बाहेरच्याने पुन्हा हाक मारली नाही, दार ठोठावलं नाही. ती दाराशी कान लावून उभी राहिली तेव्हा तो अगदी जवळून, दाराच्या फळीला ओठ लावल्यासारखा बोलला.

"बरं," तो म्हणाला.

मग ओट्यावर कोणीतरी हात मांडीवर ठेवून बसल्याचा आवाज झाला.

८

पहाटे ओटा रिकामा होता. झुंबरबाईने जानेफळच्या एका ओळखीच्या गाडीवानाला थांबवलं, गाय त्याच्या गाडीच्या मागे बांधली, नवऱ्याला गाडीत घोंगडीखाली निजवलं आणि कापूस उतरवून परतणाऱ्या गाड्यांबरोबर ती जानेफळला, भावाच्या मळ्यात गेली. भांडीकुंडी आणि टिनाचं छप्पर तिने मागे टाकलं आणि त्याबद्दल कधी हळहळली नाही.

इंद्रभान सावरायला उन्हाळा उजाडला. आधी तो शब्दाशब्दाने बोलू लागला, मग वाक्याने, आणि शेवटी एकदा आंबाडीच्या भाजीवरून भावजयीशी कडाडून भांडला. त्या दिवशी झुंबरबाई मळ्यात जाऊन एकटीच रडली. मलकापूरचं तो काही सांगत नसे आणि तीही विचारत नसे. दुपारी डोळा लागला की त्याचे हात पोटावरून उठून एकमेकांना शोधत. ती शेजारीच निवडत-टिपत बसलेली असायची. त्या दोन तळव्यांच्या मध्ये ती आपला हात घालायची. मग ते निवांत व्हायचे.

पुढच्या हंगामात उकंडराव कापूस घालून गावी परतले. आता ते हळू बोलत. वाटेत मळ्यापाशी गाडी थांबवून त्यांनी सांगितलं की मलकापुरात सगळं छान आहे, वामनरावांची खानावळ वाढली, आणि इंद्रभान मुकादम तिकडे गेलं की पंगतीत भेटतो. तो मजेत आहे. इंद्रभान तेव्हा त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर मोटेचा नाडा सोडत होता. उकंडरावांनी त्याच्याकडेही पाहून मान हलवली आणि गाडी हाकली. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी उकंडरावांची बायको रुख्मिणी मळ्यात आली. ती म्हणाली की घरात भांडण नाही, तंटा नाही, लोक म्हणतात देवमाणूस झाला. पण गेल्या हंगामापासून त्याने माझ्या हातचा घास खाल्लेला नाही.

"परवा लेकीचं लेकरू गेलं, झुंबर," ती म्हणाली. "त्याच्या मांडीवर खेळणारं लेकरू. मी सांगतलं त्याले. बरं म्हने."

झुंबरबाईने इंद्रभानाकडे पाहिलं. तो नाडा हातात घेऊन उभा होता आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो गोठ्याकडे वळला आणि त्याने गाडीला जुंपायला बैल बाहेर काढले.

तिला ती रुंद पाठ आठवत होती, कातडी लोंबणारी. त्या दिवशी तिच्या एका हातात पडदा होता आणि दुसऱ्या हातात नवऱ्याचं मनगट. आता हात मोकळे होते.

"चाल," ती रुख्मिणीला म्हणाली. "मले मांगचं दार माईत हाये."

पण आधी ती घरात येऊन चुलीपाशी बसली. तिने पिठाचा डबा पुढे ओढला. रुख्मिणीने पदर खोचला, धुतलेलं धडोतं जमिनीवर पसरलं आणि भाकरी बांधायला बसली. पहिली भाकर तव्यावर फुगली तेव्हा तिने विचारलं, किती बांधायच्या?

"पीठ हाये तवरोक," झुंबरबाई म्हणाली, आणि तिने पुढचा गोळा घेतला.